साहेबांच्या गॅरेजची मोटर

"हे तर हाताने पण उघडतंय की," सेल्समन म्हणाला आणि त्याने शटरच्या कडेला लोंबणारी साखळी धरली.

"ती सोडा," अण्णा म्हणाले.

"ती सोडा," मीही म्हणालो.

दोघं एकदम बोललो. सेल्समनने साखळी अशी सोडली, जणू तिच्यात करंट होता.

"गंजलेली आहे," मी म्हणालो.

"आणीबाणीसाठी आहे," अण्णा म्हणाले. "आणीबाणी अजून जाहीर झालेली नाही."

अण्णा म्हणजे माझे सासरे. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतला बंगला त्यांचा, गॅरेज त्यांचं, आणि त्या बंद शटरमागे उभी असलेली पांढरी मारुतीही त्यांचीच. पाटबंधारे खात्यातून ते कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. मी त्याच खात्यात भांडार विभागात होतो, त्यामुळे सासरे होण्याआधी ते माझे साहेब होते. मालपुरे साहेबांनी आपली मुलगी स्टोअरमधल्या माणसाला कशी दिली, असं लोक तेव्हा विचारत. माझ्या आधी दोन स्थळं येऊन गेली होती, मी तिसरा. तिघांत ज्याच्या अपेक्षा सगळ्यात कमी, त्याचं मंजूर झालं. नियमाला धरूनच होतं.

सासूबाई गेल्यावर उज्ज्वला आणि मी अण्णांच्या सोबतीला इथे राहायला आलो. विषय घरगुती असला की ते मला 'जावईबापू' म्हणत आणि सरकारी असला की 'नेरकर'. मोटरचा विषय पहिल्या दिवसापासून सरकारी होता.

"नेरकर, ह्यांची मोटर वजन किती उचलते म्हणाले?"

"तुमच्या शटरच्या डबल, साहेब," सेल्समनच बोलला.

"म्हणजे गरजेपेक्षा जास्त. ऑडिटला काय उत्तर द्यायचं?"

"घराचं ऑडिट कोण करतंय, साहेब?"

"कोणी करत नाही म्हणूनच आपण काळजी घ्यायची," अण्णा म्हणाले आणि काठी टेकत आत गेले.

मी सेल्समनला फाटकापर्यंत पोचवलं आणि "कळवतो" म्हणालो. पाटबंधारे खात्याच्या इतिहासात हा शब्द उच्चारल्यानंतर कोणी कोणाला काही कळवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्या दिवसांतला शीण अजून आठवतो. आम्ही तिघंही दमलेलो होतो. अण्णा वयाने, उज्ज्वला गुडघ्यांनी, आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभा राहून. अशा घरात ती मोटर जळाली, ही माझ्या मते त्या वर्षात घडलेली एकमेव चांगली गोष्ट होती. एका सोमवारी सकाळी बटण दाबलं तर जळका वास आला आणि शटर जागचं हललं नाही. अण्णा म्हणाले, "गेली." मी मनात म्हणालो, देव आहे.

कारण अण्णा ब्याऐंशी वर्षांचे होते आणि अजून गाडी चालवत होते. दिवाळीच्या सुमारास त्यांनी फाटकाचा खांब घासला आणि म्हणाले, खांब पुढे आलाय. संक्रांतीला समोरच्यांच्या दोन कुंड्या गेल्या. मग एकदा गंगापूर रोडच्या सिग्नलला गाडी उभी राहिली ती राहिलीच. हिरवा लागला, लाल लागला, पुन्हा हिरवा लागला. मागचे हॉर्न वाजवून थकले. भाजी घ्यायला गेलेली उज्ज्वला योगायोगाने तिथे होती. तिने काचेवर टकटक केलं तेव्हा अण्णा म्हणाले, "मी विचार करत होतो."

त्या दिवसापासून ती माझ्या मागे लागली.

"तुम्ही सांगा ना त्यांना," मेथी निवडता निवडता ती म्हणायची.

"मी जावई आहे."

"म्हणूनच म्हणते. जावयाचं ऐकतात."

"जावयाला वाढतात. ऐकत नाहीत."

"मग काय, एखाद्या दिवशी पोलीस सांगायला येतील तेव्हा ऐकायचं का?"

"तू सांग. तू मुलगी आहेस."

ती मेथीच्या काड्या मोडत बसायची. तिला ते जमणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. ज्या माणसाने तिला सायकल शिकवली, त्याला खाली उतरा म्हणायचं कोणत्या तोंडाने? आणि मी सांगणं तर त्याहून अवघड. सासऱ्याच्या घरात राहायचं, सासऱ्याच्या ताटाशेजारी जेवायचं आणि सासऱ्याला म्हणायचं की तुमच्या गाडीची किल्ली द्या. आमच्याकडे अशा जावयाला एक शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही.

तर अशा वेळी मोटर जळाली, आणि मी नोकरीत शिकलेली एकुलती एक विद्या बाहेर काढली. खात्यात कोणाला कधी नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की माणूस मंत्रालयात जातो. त्याऐवजी तीन कोटेशनं मागवायची. एकात वजन लिहिलेलं नसतं, दुसऱ्यात कर धरलेला नसतो, तिसरं मुदतीनंतर येतं. मग फेरकोटेशनं. तोवर ज्याला पाइप हवा असतो त्याचं पीक निघून गेलेलं असतं किंवा त्याची बदली झालेली असते. ही विद्या मला शिकवली मालपुरे साहेबांनीच. गुरूची विद्या गुरूवर चालवायची म्हणून थोडा संकोच वाटला, पण उज्ज्वलाच्या गुडघ्यांकडे बघून मी तो गिळला.

"अण्णा, घाईने कुठली तरी मोटर बसवण्यापेक्षा रीतसर तीन कोटेशनं मागवू," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रीतसरच झालं पाहिजे," ते म्हणाले.

आता अडचण एकच होती, ती रविवारची.

अण्णांच्या जीपवर खात्यात घुगे नावाचे ड्रायव्हर होते. मूळचे सिन्नरकडचे. साहेबांची सगळी नोकरी त्यांच्याच जीपमधून झाली. धरणावर, कालव्यावर, पुरात, दुष्काळात, सासूबाईंच्या शेवटच्या दवाखान्यापर्यंत. निवृत्तीनंतर घुग्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अण्णा त्यांना बघायला सातपूरला गेले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले ते स्वतःची गाडी घेऊन. घुग्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्याकडे नेलं. तेव्हापासून तो नेम झाला. रविवारी चार वाजता साहेब गाडी काढणार, सातपूरला जाणार, ड्रायव्हरला शेजारी बसवणार आणि दोघं जाऊन पाणी बघणार. पाणी किती चढलं, किती उतरलं. एक बोलायचा, दुसऱ्याला बोलता येत नव्हतं. खात्यातही त्यांचं असंच चालायचं.

मोटर जळाली आणि नेम मोडला. पहिल्याच रविवारी मी म्हणालो, "अण्णा, एखादा ड्रायव्हर बोलवू या का? दोन तासांसाठी मिळतात."

"गाडी आत आहे, नेरकर."

"गाडी असलेला ड्रायव्हर मिळतो."

"घुग्याच्या समोर दुसरा ड्रायव्हर बसवू?" ते शांतपणे म्हणाले. "त्याला मागे बसवू, आणि त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कोणाच्या हातात स्टिअरिंग देऊ? त्यापेक्षा त्याच्या तोंडात मारलेली बरी."

मला स्वतःला गाडी येत नाही. मी आयुष्यभर स्कूटरवरच होतो. तेव्हा विषय तिथेच संपला. अण्णा मात्र रविवारी चार वाजता बाहेर जायचे कपडे घालायचे, बाह्यांची बटणं लावायचे आणि व्हरांड्यात शटरकडे तोंड करून बसायचे. चहा तिथेच मागायचे. उज्ज्वला कप ठेवून आत यायची आणि स्वयंपाकघरात विनाकारण भांडी वाजवायची.

"आपण बरोबर करतोय ना?" ती एकदा म्हणाली.

"आपण काहीच करत नाही आहोत," मी म्हणालो. "तेच तर कौशल्य आहे."

दुसऱ्या कोटेशनला एक बाई आल्या. बोरस्ते बाई. शटरचा स्वतःचा धंदा होता, स्वतः मोजमाप घेत होत्या, शिडीवर स्वतः चढत होत्या. त्यांनी वर जाऊन मोटर पाहिली आणि खाली येऊन हात पुसले.

"साइडची मोटर आहे. तशीच बसेल. रिमोट दोन देते. लाइट गेली तर साखळी आहेच."

"आवाज किती करते?" अण्णांनी विचारलं.

"मिक्सरएवढा."

"मिक्सर आमच्याकडे सकाळी चालतो. हे दुपारी चालणार."

"दुपारी शेजारी झोपतात," मी जोड दिली.

"मग दुसरी आहे, बिनआवाजाची."

"बिनआवाजाची असली तर शटर खाली येतंय हे कळणार कसं?" अण्णा म्हणाले. "डोक्यावर आल्यावर?"

"सेन्सर असतो, साहेब. खाली कोणी असलं की थांबतं."

"मांजर असलं तर?" मी विचारलं.

"मांजराला पण थांबतं."

"म्हणजे मांजर बसलं की माणसाची गाडी अडकणार," मी म्हणालो. "आणि ह्या गल्लीत मांजरं पुष्कळ."

बोरस्ते बाईंनी टेप गुंडाळली. एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"काका, मला पुढे ओझरला जायचंय. तुम्हाला मोटर घ्यायचीय की नाही, तेवढं सांगा."

"घ्यायची नाही असं कोणी म्हटलं?" अण्णा म्हणाले.

"घ्यायचीय असंही कोणी म्हणत नाहीये."

मी पायरीवरची कुंडी जरा सरळ केली. अण्णा काठीच्या मुठीवर काहीतरी शोधत होते. बाई हसल्या, चहा नको म्हणाल्या आणि स्कूटीवर बसून निघून गेल्या. चोरी पकडली गेली असं मला वाटलं. चोर एकच आहे, अशीच माझी समजूत होती.

पण त्या दिवसानंतर मला अण्णांची कीव यायला लागली. म्हातारा आपल्या हाताने आपली वाट अडवतोय असं वाटायचं. मी एक हरकत काढावी तर ते दोन काढणार. मोटर पितळी दातांची असावी म्हणाले, मिळाली तेव्हा पितळ लवकर झिजतं म्हणाले. रिमोटचं बटण लाल असतं ह्यावरही त्यांचा आक्षेप होता. सवयच ती, मी मनात म्हणायचो. जन्मभर दुसऱ्यांची कामं अडवली, आता स्वतःचं काम आलं तरी हात थांबत नाही.

आमच्या कोटेशनांचा सगळा व्यवहार उधळला तो हेमंतने. हेमंत म्हणजे उज्ज्वलाचा धाकटा भाऊ, न्यू जर्सीला असतो. आधीची मोटर त्यानेच बसवून दिली होती, अण्णांच्या मणक्यात गॅप आली तेव्हा. दर शनिवारी सकाळी तो फोनवर दिसायचा.

"अण्णा, तुमच्या मोटरचं काम मी केलंय," तो म्हणाला. "इथून ऑर्डर टाकली. ते लोक पुढच्या शुक्रवारी येऊन बसवून जातील. वायफायवर चालते. दार उघडलं की मला इथे कळेल."

"तुला तिथे कळून काय होणार?"

"नोटिफिकेशन येईल ना."

"आलं तर?"

"तर कळेल की दार उघडलं."

"आणि तुमच्याकडे तेव्हा पहाट असेल."

"ते चालेल, अण्णा."

 अण्णा अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कोटेशनं मागवली होतीस?"

"कसली कोटेशनं? रेटिंग बघितलं. साडेचार स्टार आहेत."

फोन बंद झाल्यावर अण्णा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. बदलीची ऑर्डर हातात पडलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"नेरकर, हे थांबवता येईल का?"

"कशाच्या आधारावर, साहेब?"

"तेच मी विचारतोय."

मला ते विचित्र वाटलं, पण म्हटलं, पद्धत मोडल्याचं दुःख असेल. अशी माणसं असतात. आमच्या खात्यात एका हेडक्लार्कला आपल्या प्रमोशनच्या ऑर्डरमध्ये जावक क्रमांक नाही हे दिसल्यावर त्याने ती परत पाठवली होती.

शुक्रवारी दोन फिटर आले. तास-दीड तासात जुनी मोटर खाली आणि नवी वर. शटर वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. आवाज खरंच नव्हता. मोटर गेल्यापासून घातलेल्या खालच्या कड्या काढायला सांगितल्या तेवढंच, बाकी आमची कुठे गरज लागली नाही. मी अण्णांना बघायला बोलावलं तर प्रेशर वाढलंय म्हणून ते आडवे झाले होते. गॅरेजात मारुती धुळीने राखाडी झाली होती. मी फडकं घेऊन तिची पुढची काच पुसली आणि मधेच थांबलो. आपण हे कशासाठी करतोय, असं वाटलं.

"रविवारी काय?" उज्ज्वलाने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मी त्यांच्याबरोबर जातो."

"तुम्ही जाऊन काय करणार? तुम्हाला क्लच कुठला तेही कळत नाही."

"ओरडेन."

ती हसली नाही. पदर तोंडाला लावून खिडकीशी उभी राहिली. "मी आज सांगते त्यांना," म्हणाली, आणि वरणाला फोडणी दिली, आणि अण्णांना वाढताना एवढंच म्हणाली, "अजून थोडा भात?"

रविवारी चार वाजता अण्णा तयार होऊन आले. मी गॅरेजसमोर आधीच उभा होतो.

"तुम्ही कुठे?" त्यांनी विचारलं.

"पाणी बघायला. कधी पाहिलं नाही, आज येतो म्हटलं."

"नोकरी पाटबंधाऱ्यात झाली तुमची."

"स्टोअरमध्ये, साहेब. आम्हाला पाइप दाखवायचे. पाणी वरिष्ठांकडे."

 त्यांनी बटण दाबलं, शटर वर गेलं. ते ड्रायव्हरच्या जागी बसले, मी शेजारी बसलो. पट्टा लावला, हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून मांडीवर ठेवले. दोन-अडीच महिने गाडी जागची हलली नव्हती, तेव्हा माझी शेवटची भिस्त बॅटरीवर होती. अण्णांनी किल्ली फिरवली आणि ती नालायक गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

मागे वळून पाहिलं तर व्हरांड्यात उज्ज्वला उभी होती. तिने हात वर केला, अच्छा करायला की थांबवायला, कोण जाणे.

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. गियरकडे हात नेला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला. इंजिन घुरघुरत होतं. मी त्यांच्याकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बोटं पांढरी पडली होती.

मग त्यांनी किल्ली उलटी फिरवली. इंजिन बंद झालं.

"नेरकर," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "जुनी मोटर कशाने जळाली, असं तुमचं मत आहे?"

"व्होल्टेज असेल. त्या दिवसांत फार कमी-जास्त व्हायचं."

"नाही. मी जाळली."

 साहेब बोलत असताना मधे बोलायची सवय मला कधीच नव्हती.

"खालच्या दोन्ही कड्या घातल्या, आणि बटण दाबलं. मोटर वर ओढतेय, दार खाली धरून बसलंय. थांबायची. मी पुन्हा दाबायचो. बिचारी इमानी होती. धूर निघाला तरी ओढतच होती. मग कड्या काढून ठेवल्या आणि सकाळी तुम्हाला बोलावलं."

"कधी?"

"शेवटच्या रविवारी. पाणी बघून आलो तेव्हा." ते थांबले. "पाणी बघून परत निघालो. डाव्या कालव्याच्या रस्त्याने. त्या कालव्याचं अस्तर माझ्या सहीने झालंय, नेरकर. आणि एका वळणावर मला कळेना की हा रस्ता कुठला. नाशिक कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. गाडी चालतेय, मी चालवतोय, आणि मला काही माहीत नाही. शेजारी कोण बसलंय तेही एक क्षण..."

त्यांनी चष्मा काढला, तो पुसला आणि न घालताच हातात धरला.

"घुग्याच्या लक्षात आलं. त्याने आपला बरा हात आडवा आणला आणि स्टिअरिंगवर ठेवला. मी गाडी हळू केली. मग तो बोटाने दाखवायला लागला. डावीकडे. सरळ. उजवीकडे. थांब. सातपूरपर्यंत त्याने मला बोटावर आणलं. घराशी आल्यावर माझ्या हाताला धरून मला बसवून ठेवलं, सुनेकडून पाणी आणवलं, आणि मला सगळं आठवल्याचं दिसेपर्यंत सोडलं नाही. तिथून इथवर मी एकटा आलो. कसा आलो ते मला विचारू नका."

व्हरांड्यात उज्ज्वला अजून उभी होती. गाडी का निघत नाही ते तिला कळत नव्हतं, आणि पुढे येऊन विचारायची तिची हिंमत नव्हती.

"आम्हाला सांगायचंत, साहेब."

"काय सांगायचं? मुलीला सांगू की तुझ्या बापाला रस्ता सापडत नाही? मग उद्या ती मला फाटकाबाहेर जाऊ देईल? म्हटलं, गाडीच निघाली नाही तर कोणाला काही सांगावं लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, तीन कोटेशनं मागवू." पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळले. "मला फार बरं वाटलं. म्हटलं, आपलं खातं अजून जिवंत आहे. माझ्या प्रत्येक हरकतीला तुम्ही वर आणखी एक जोडत होतात. ती मांजरं तर मला सुचलीच नव्हती."

"मी तुम्हाला अडवत होतो, साहेब."

"माहीत आहे."

आम्ही दोघं उभ्या गाडीत बसून राहिलो. बसल्या जागी मला इतकं दमल्यासारखं वाटलं की तिथेच मान टाकून झोपावं. महिनोन् महिने दोन माणसं एकच दार दोन्ही बाजूंनी दाबून धरत होती, आणि पलीकडून कोणीतरी ढकलतंय, असं एकट्या मलाच वाटत होतं.

"गाडीचं ठीक आहे," अण्णा म्हणाले. "गाडी गेली तर जाऊ दे. हेमंतला सांगा, विकून टाक म्हणावं. पण घुगे रविवारचा ओट्यावर बसत असेल. त्याला काय सांगू? त्याला कळलंय की मी घाबरलो. साहेब घाबरले आणि तोंड लपवून बसले. त्याचं एवढंच होतं हो, नेरकर. आठवड्यातून एकदा पाणी."

"आपण जाऊ की."

"कसे? दुसरा ड्रायव्हर मी त्याच्यासमोर बसवणार नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय."

मी विचार केला. आयुष्यात कधी नव्हे तो कागद अडवण्यासाठी नाही, तर पुढे ढकलण्यासाठी विचार केला.

"साहेब, रिक्षा," मी म्हणालो.

"रिक्षालाही ड्रायव्हर असतोच."

"असतो. पण रिक्षाला पुढची सीट नसते. गाडीत प्रश्न येतो तो पुढे कोण आणि मागे कोण ह्याचा. रिक्षात तिघंही मागे. वरिष्ठ-कनिष्ठ हा मुद्दाच उद्भवत नाही."

अण्णांनी चष्मा घातला. बराच वेळ ह्यात त्रुटी शोधली.

"धूळ फार येते रिक्षात," ते म्हणाले.

"येते."

"आणि माझी कंबर."

"दुखेल."

त्यांनी दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. "बोलवा," म्हणाले.

उज्ज्वला पायऱ्या उतरून आली. वडील गाडीतून उतरलेले पाहून तिने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त म्हणालो, "आम्ही रिक्षाने चाललोय." तिने विचारलं नाही, का. आत गेली आणि अण्णांची मफलर घेऊन आली. ऊन होतं. तरी अण्णांनी ती निमूटपणे गळ्यात घालून घेतली.

सातपूरच्या त्या चाळीपाशी रिक्षा थांबली तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. अण्णा जागच्या जागी उभे राहिले. मीच पुढे झालो. घुग्यांची सून, मंदा, हात पुसत बाहेर आली.

"साहेब आले व्हय? या ना, बसा."

"घुगे कुठे आहेत?" मी विचारलं. "रविवारी बाहेर बसतात ना?"

"आता कुठं बसतात. मागं एकदा साहेब सोडून गेले ना, त्या रविवारपासून बाहेर यायचं नाव नाही. चार वाजले का भिंतीकडं तोंड करून निजतात. मी म्हणते, मामा, साहेब येतील, कपडे करा. तर हात असा हलवतात. नको, नको. म्हटलं, साहेबांचा राग आला का? तर त्याला पण हात हलवतात. आता काय समजावं माणसानं."

अण्णांनी ते सगळं ऐकलं. दर रविवारी चार वाजता इकडे एक जण शटरकडे बघत बसत होता आणि तिकडे एक जण भिंतीकडे. साहेब गाडी घेऊन येतील आणि नाही म्हणता येणार नाही, ह्या धास्तीने.

"त्याला उठवा," अण्णा म्हणाले.

मंदाने घुग्यांना धरून बाहेर आणलं. दाढी वाढलेली, अंगात बनियन. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग त्यांनी आमच्या दोघांच्या मधून रस्त्याकडे पाहिलं. पांढरी गाडी कुठे दिसते का ते शोधलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. रस्त्यावर रिक्षा होती. रिक्षावाला खाली उतरून तंबाखू मळत होता.

घुगे रिक्षाकडे बघत राहिले. मग साहेबांच्या हातांकडे पाहिलं. एका हातात काठी होती, दुसरा रिकामा होता. किल्ली नव्हती.

"पाणी किती उतरलंय ते बघून येऊ," अण्णा म्हणाले. "मला आता रस्त्याचं काही सांगता येत नाही, घुगे. तूच सांगत जा."

घुग्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याचा अर्थ मला लागला नाही, मंदाला लागला असावा, कारण ती शर्ट आणायला आत धावली. घुगे मात्र थांबले नाहीत. बनियनवरच, भिंतीला बरा हात लावून, डाव्या पायाने ते दाराआडच्या चपला एकेक करून बाहेर ओढायला लागले.